राणी रंगाचे पंख

शनिवारी, लाभपाचमेच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या एका लूम युनिटच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवरून पुठ्ठ्याचे एक छोटे रॉकेट सुटले. दोन मजल्यांएवढे वर गेले, तिथे उलटले, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि इंजिन चालू असतानाच खाली येऊन हेमराज बोरसे याच्या उजव्या डोळ्यावर आदळले.

हेमराज सेहेचाळीस वर्षांचा आहे. त्याला दिसणारा तो एकच डोळा होता. डाव्या डोळ्याला चोवीस वर्षांपूर्वी लूमवरून उडालेला धोटा लागला. तेव्हापासून त्या डोळ्याने दिवस आहे की रात्र, एवढेच कळते.

रॉकेट त्याच्या पायाशी पडले. तीन सेकंदांनी, ठरल्याप्रमाणे, त्याने फट् आवाज करून जमिनीवरच पॅराशूट बाहेर टाकले.

बटण त्याच्या मुलीने, गायत्रीने दाबले होते. ती सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला आहे. बटणाची वायर पाच मीटर लांब होती आणि ती पूर्ण ताणलेली होती. रॉकेटसोबत आलेल्या पुस्तिकेत तेवढेच अंतर सांगितले आहे. हेमराज मुलीच्या डाव्या हाताला, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. बघण्यासारखे काही असले की तो चेहरा जरा डावीकडे वळवून उजवा डोळा पुढे करून उभा राहतो. त्या दिवशीही तसाच उभा होता.

हेमराजचे काम बीम पसारण्याचे. बीम म्हणजे उभ्या तारांचा मोठा रूळ. नवा बीम लूमवर चढला की त्यावरची एकेक तार आकड्याने ओढून सुईच्या नेढ्याएवढ्या छिद्रातून काढायची आणि मग फणीच्या दातांतून. एका बीमला पाच हजारांच्या आसपास तारा असतात. एक तार चुकली तर शंभर मीटर कापडावर रेघ पडते. एका डोळ्याचा माणूस हे काम कसे करतो, असे नवा मालक विचारायचा. मग एकदा त्याचा बीम पाहायचा आणि पुन्हा विचारायचा नाही.

रॉकेटचे किट त्यानेच मागवले होते. दिवाळीत युनिटे बंद होतात, शेजारपाजारचे खानदेशात गावी जातात. यंदा गायत्रीच्या क्लासमुळे बोरसे कुटुंब सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीतच थांबले. हेमराजने मोबाइलवर कोणीतरी असे रॉकेट उडवताना पाहिले आणि मुलीला म्हणाला, हे मागव. धनत्रयोदशीला खोके आले. आत पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचे टोक, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे तीन पंख, रबराची दोरी, प्लास्टिकचे पॅराशूट, दोन इंजिने, रॉकेट जिच्यावरून सुटते ती मीटरभर लांब तारेची काठी, बटणाची वायर आणि इंग्रजी पुस्तिका. प्रत्येक भागावर नंबर होता.

"यामा तर नंबर दियेल शेतस," हेमराज म्हणाला. "नंबर दियेल काम कोनीबी करी."

"मंग तुम्ही कसाले करी राह्यनात?" त्याची बायको सरलाबाई म्हणाली.

"सुट्टी शे. हात बसी राहत नही."

गायत्री वाचायची, तो करायचा. पंख चिकटवायला त्याने पूर्ण एक दुपार घेतली. नळीवर पेन्सिलीने तीन रेघा मारल्या, पंख रेघेवर धरून गम वाळेपर्यंत बोटांनी तसाच धरून ठेवला, एकेक पंख वीस मिनिटे. लाकडाचे रेशे दिसू नयेत म्हणून पातळ पुट्टी लावली, बारीक पॉलिश पेपरने घासली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी गायत्री कंटाळली.

"पप्पा, हवेत कोण बघणार आहे?"

"मी बघसू," तो म्हणाला.

रंग गाड्या रंगवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आणला. नळी पांढरी. पंखांना कोणता, यावर घरात चर्चा झाली. गायत्री काळा म्हणत होती. हेमराजने राणी रंग निवडला. सुरतेत साड्यांचा जो भडक गुलाबी असतो, तो. त्याचे कारण त्याने दिले, ते कामातले होते: राणी रंग लांबून हरवत नाही.

भाऊबीजेच्या दिवशी गच्चीवर दोरीची चाचणी झाली. रॉकेटमध्ये इंजिन घालायचे, ते जिथे तोलते तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचे. टोक पुढे राहिले तर रॉकेट सरळ उडेल. शेपूट पुढे आले तर उडवायचे नाही. हेमराज फिरवत असताना योगराज फराळाला आला. योगराज त्याच युनिटमध्ये मास्तर, म्हणजे लूमचा मुकादम आहे, दोघे शिरपूर तालुक्यातले, एकाच वर्षी सुरतेला आलेले.

"काय हेमराजभो, पाखरे हाकलतस का?"

"रॉकेट शे."

"बाप रे. चंद्रावर शिफ्ट लागनी का?"

"हा. तठे लूमना आवाज नही."

टोक पुढे राहिले. पाच वेळा फिरवले, पाचही वेळा पुढे. योगराजने युनिटच्या मागच्या प्लॉटचे फाटक उघडून द्यायचे कबूल केले. सकाळी लवकर या, वारा नसतो, असेही त्यानेच सांगितले.

शुक्रवारी दुपारी हेमराज प्लॉट पाहायला गेला होता आणि गायत्री क्लासला. सरलाबाई घरी एकटी होती. ती साड्यांना स्टोन लावायचे काम करते. व्यापाऱ्याचा माणूस साड्यांचा गठ्ठा टाकून जातो, छापील नक्षीच्या ठिपक्यांवर एकेक चमकता खडा गमने चिकटवायचा, आठवड्याने गठ्ठा परत. एका साडीला हजार-बाराशे स्टोन लागतात. गल्लीतल्या बहुतेक घरांत हेच काम चालते, आणि गल्लीत ज्याला काही शोभा आणायची असते, देव्हारा, मोबाइलचे कव्हर, नव्या मोटारसायकलचा आरसा, त्याला स्टोन लागतात. रॉकेट सहा दिवस तिच्या डोळ्यांसमोर तयार झाले होते. तिने त्याला हात लावला नव्हता. भाऊबीजेला ती एकदाच म्हणाली होती, "इतलं बोडकं लई जाशात का? सणना दिन शे."

तिने तिन्ही पंखांवर दोन्ही बाजूंनी वेल काढली. एका बाजूला छत्तीस, एकूण दोनशे सोळा स्टोन. काचेचे घेतले, प्लास्टिकचे उन्हात चमकत नाहीत. दोन तास लागले. रंगावर ओरखडा आला नाही. एकही स्टोन रेघेबाहेर गेला नाही.

संध्याकाळी हेमराजने ते पाहिले आणि हसला. "अरे, हाई तर नवरी व्हयनी!" त्याने रॉकेट दिव्याखाली फिरवून पाहिले, वेल कुठे वाकडी आहे का ते शोधले. सापडली नाही. "हात शे तुना," तो म्हणाला. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, हे वाक्य त्याने आधी म्हटल्याचे सरलाबाईला आठवत नाही.

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर एक ओळ आहे. पंखांवर रंगाव्यतिरिक्त काही लावले तर दोरीची चाचणी पुन्हा करा. गायत्रीने ती ओळ भाऊबीजेच्या आधीच वाचली होती. रंगाव्यतिरिक्त काही लावायचे नव्हते, म्हणून वडिलांना वाचून दाखवली नव्हती. शनिवारी सकाळी प्लॉटवर काठी रोवताना ती तिला आठवली. तेव्हा सात वाजायला आले होते. सरलाबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, हेमराज रॉकेट काठीवर चढवत होता आणि योगराज फाटकाजवळून ओरडत होता, "नवरीले नीट चढाडा! घूंगट सांभाळा!" सगळे हसत होते. गायत्रीही हसली. ती काही बोलली नाही. हे तिने नंतर योगराजला सांगितले. आईला सांगितलेले नाही.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा काहीच झाले नाही. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे त्यांनी एक मिनिट वाट पाहिली. हेमराजने जाऊन इंजिनाला लावलेली वायरची क्लिप नीट बसवली आणि परत येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा सुटले.

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. त्यात रॉकेट वर जाताना दिसते, पुढे आकाश, मग फाटक, मग जमीन. हेमराजचा आवाज ऐकू येतो. तो ओरडत नाही. विचारतो, "गायत्री, तुले लागनं का?"

योगराजने मोटारसायकल काढली. मध्ये हेमराज, मागे गायत्री, तिचा रुमाल त्याच्या डोळ्यावर. सरलाबाई प्लॉटवरच राहिली. तिने काठी उपटली, वायर गुंडाळली, रॉकेट उचलले. एक पंख निखळला होता. त्यावरच्या वेलीतले काही स्टोन नव्हते. तिने गवतात शोधले. दोन सापडले. मग ती रिक्षाने निघाली.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये दिवाळीची गर्दी ओसरलेली नव्हती. बाकावर भाजलेल्या चेहऱ्यांची माणसे बसली होती. केसपेपर लिहिणाऱ्या माणसाने न विचारताच लिहिले: फटाकडा.

"फटाकडा नाही. रॉकेट," गायत्री म्हणाली.

"रॉकेट पण फटाकडोज कहेवाय ने, बेन."

"ते दिवाळीचं नाही. मॉडेल रॉकेट. आम्ही बनवलं होतं."

त्याने मान वर केली. "घेर बनावेलो फटाकडो," तो म्हणाला आणि तसेच, घरी बनवलेला फटाका असे, लिहिले. मागे रांग होती.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ऑपरेशन सुरू झाले, पावणेसहाला संपले. बुबुळाला चीर पडली होती, ती शिवली. आत रक्त साकळले आहे, ते निवळल्याशिवाय पडद्याची स्थिती दिसणार नाही, असे डॉक्टर बाईंनी सांगितले. दिसेल का, या प्रश्नाला त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मग त्यांनी बुचाची एक छोटी बाटली सरलाबाईच्या हातात ठेवली. जखमेतून निघालेली वस्तू. अर्धवट फुटलेला, राणी रंगाची झाक लागलेला एक स्टोन.

"ये क्या है? पटाखे में से तो नहीं निकलता."

"साड़ी का है," सरलाबाई म्हणाली.

"साड़ी का? आँख में?"

"मैंने लगाया."

डॉक्टर बाईंना पुढच्या पेशंटकडे जायचे होते. बाटली सरलाबाईने ब्लाउजात ठेवली. सोमवारपर्यंत ती तिथेच होती.

रविवारी लाभपाचम. दिवाळीनंतर युनिट सुरू करायचा मुहूर्त झाला. त्याच दिवशी गायत्रीने खोलीत उरलेल्या पुडीतले शंभर स्टोन मोजून गल्लीच्या तोंडावरच्या सोनाराकडे नेले. सोनाराने काटा लावला: चार ग्रॅम आठशे मिलिग्रॅम. दोनशे सोळांचे, गम सोडून, दहा ग्रॅमांवर. कोरे रॉकेट इंजिनासकट बावन्न ग्रॅमांचे होते. तिने निखळलेला पंख टेपने बसवला, दुसरे इंजिन घातले, तोल पाहून दोरी बांधली आणि गच्चीवर जाऊन फिरवले. शेपूट पुढे आले. तिने पुन्हा फिरवले. पाचव्या वेळेनंतर खाली आली आणि रॉकेट पलंगाखाली ढकलले. आईने विचारले, "काय व्हयनं?" ती म्हणाली, काही नाही, कपडे पाहायला गेले होते.

त्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या माणसाचा फोन आला. गठ्ठ्यातल्या अकरा साड्या व्हायच्या होत्या. सरलाबाईने सांगितले, घेऊन जा. तो म्हणाला, "भाभी, लग्नसरा आवे छे, आवूं केम करो छो?" तिने फोन ठेवला. गठ्ठा सोमवारपर्यंत दारातच होता, मग शेजारच्या धुरपदाबाईने उचलून नेला. तिने बाकीच्या साड्या पूर्ण केल्या.

सोमवारी दुपारी योगराज वॉर्डात आला. हेमराजच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. चांगला डोळा हलला की जखमी डोळाही हलतो, म्हणून चांगलाही बांधतात. इथे चांगला कोणता, हा प्रश्न नर्सने केसपेपर वाचल्यावर एकदा विचारला होता.

"मुहूर्तले पहिली तार कोनी पसारी?" हेमराजने विचारले.

"सखारामनी."

"त्याना हात जड शे."

"बारा तार तोड्यात त्यानी," योगराज म्हणाला. "मालकना चेहरा देखाले पाहिजे व्हता."

हेमराज हसला, मग डोळा दुखला म्हणून थांबला. सखारामने एकही तार तोडली नव्हती. मालकाने त्याला हेमराजच्या जागी पंधरा दिवसांसाठी ठेवून घेतले आहे. हे योगराजने बाहेर व्हरांड्यात गायत्रीला सांगितले. तेव्हाच गायत्रीने त्याला अकराव्या पानाचे सांगितले. योगराजने खिशातून मोटारसायकलची चावी काढली, परत ठेवली. मग म्हणाला, "तुनी मायले नको सांगू." थोड्या वेळाने म्हणाला, "नही तर सांग. माले काय समजस?"

गायत्री आत आली तेव्हा सरलाबाई पलंगाजवळ उभी होती आणि बोलत होती. स्टोन मी लावले, शेपटीला वजन झाले, डॉक्टरांनी आतून काढला, माझ्याजवळ आहे. एवढे ती एका दमात बोलली. बाटली तिने हेमराजच्या हातात दिली. त्याने बुचावरून अंगठा फिरवला, बाटली हलवून आत काय वाजते ते ऐकले.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत व्हतं?"

"वजननं. गायत्री बोलनी व्हती, पप्पा, परत फिराडीसन देखूत. मीच नही म्हनं. वारा सुटी जाई म्हनीसन." तो गायत्री आहे त्या दिशेला वळला. दिशा थोडी चुकली. "बोलनी व्हती ना तू?"

गायत्री दारात उभी होती. असे काही ती बोललीच नव्हती. हेमराजला अकराव्या पानावरची ओळ माहीत असण्याचे कारण नव्हते. पुस्तिका इंग्रजीत होती आणि ते पान तिने त्याला कधी वाचून दाखवले नव्हते. व्हरांड्यातले बोलणे खिडकीतून ऐकू गेले असेल तर वेगळे. खिडकी उघडी होती.

"बोल ना," सरलाबाई म्हणाली.

"हो," गायत्री म्हणाली. "बोलले होते."

"मंग," हेमराज म्हणाला, "तुम्हनी दोन्हीसनी चूक नही. बसा आते. उभ्या कसाले?"

दोघी बसल्या. सरलाबाई रडली नाही. तिने संत्रे सोलले आणि एकेक फोड त्याच्या हातात दिली. प्रत्येक फोडीतली बी काढून.

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पट्टी पहिल्यांदा सोडली. डॉक्टर बाई, एक नर्स, सरलाबाई आणि गायत्री हजर होत्या. नर्सने हेमराजच्या डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरला. उजव्या डोळ्याची पापणी सुजून काळीनिळी झाली होती. डॉक्टर बाईंनी ती बोटाने उघडली. आत पांढरे काहीच दिसत नव्हते, सगळे लाल होते. सरलाबाईने पदर तोंडाला लावला. तिच्या बांगड्या वाजल्या.

"काका, लाइट दिखे तो बोलना. किस तरफ़ से आ रही है, वो भी."

"दिखस," हेमराज लगेच म्हणाला. "उजेड दिखस. वरथून."

डॉक्टर बाईंनी हातातल्या टॉर्चकडे पाहिले. "अभी जलाया नहीं, काका."

गायत्रीने आईकडे पाहिले नाही.

मग डॉक्टर बाईंनी खोलीतला दिवा बंद करायला सांगितला, पडदा ओढून घेतला आणि तपासणी पुन्हा सुरू केली. वरून, खालून, नाकाच्या बाजूने, कानाच्या बाजूने. मध्ये दोन वेळा टॉर्च बंद ठेवूनही विचारले. सहा वेळांपैकी दोन वेळा हेमराज हो म्हणाला. त्यातल्या एका वेळी टॉर्च चालू होता. तो कानाच्या बाजूने होता. कोणत्या बाजूने, हे त्याला सांगता आले नाही.

"एक बार बराबर बोले," डॉक्टर बाई म्हणाल्या. नवी पट्टी बांधली. केसपेपरवर इंग्रजीत दोन अक्षरे लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह केले. ती अक्षरे म्हणजे उजेडाची जाणीव, असे नर्सने गायत्रीला सांगितले.

रक्तामागचा पडदा जागेवर आहे का, ते पाहायची डोळ्याची सोनोग्राफी शुक्रवारी सकाळी दहाला आहे. हेमराज उपाशीपोटी यायचे का, असे विचारत होता. नर्स म्हणाली, तशी गरज नाही.